गाडी कुणाच्या मापाची?

चारचाकी घ्यायची ठरली की घरात पहिला प्रश्न येतो, 'किती देते?' दुसरा प्रश्न रंगाचा. मग एका रविवारी सगळं घर शोरूममध्ये जातं. टेस्ट ड्राइव्ह अहो घेतात, नाहीतर दीर घेतात. कुणीतरी बॉनेट उघडून आत डोकावतं, कुणीतरी टायरला लाथ मारून बघतं. आणि जिला ती गाडी रोज चालवत कामावर न्यायची असते, ती मांडीवर पर्स घेऊन मागच्या सीटवर बसलेली असते. फार तर तिला विचारतात, 'आवडली ना?' ती म्हणते, 'हो, छान आहे.' झाली खरेदी!

मैत्रिणींनो, ब्लाउजचं कापड घेताना आपण किती दुकानं पालथी घालतो! शिंप्याने माप चुकवलं तर दोनदा परत पाठवतो. आणि लाखो रुपयांची, पाच-सात वर्षं हप्ते फेडायची वस्तू मात्र दुसऱ्याच्या मापाने घेतो. मापात न बसणारी गाडी सुरुवातीला हौसेने चालवली जाते. मग क्लचने पाय भरून येतो, कंबर दुखते, मागचं नीट दिसत नाही म्हणून गर्दीत घाम फुटतो. हळूहळू 'आज तुम्हीच सोडा ना' सुरू होतं. सोडणारा रोज मोकळा नसतो. मग लायसन्स कपाटात जातं, आणि ज्या नोकरीसाठी गाडी घेतली तीच नोकरी झेपत नाही असं वाटायला लागतं. बाई कमी पडली असं सगळे म्हणतात, तीही म्हणते. सीट दोन इंच खाली होती, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

आपल्या पालघर तालुक्यातलं शिरगावच घ्या. एका अंगाला समुद्र, किल्ला, शेजारी सातपाटी. पालघर स्टेशन सात-आठ किलोमीटरवर. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, पुढे कोळगावला जिल्ह्याची कार्यालयं आली. बोईसरला तारापूरची एमआयडीसी आहे, तिथे औषधांचे, रसायनांचे, कापडाचे कारखाने. त्याच्याही पलीकडे १९६९ पासून चालू असलेलं अणुऊर्जा केंद्र. म्हणजे नोकऱ्या आहेत. पण शिरगावातून बोईसरच्या एमआयडीसीत पोचायचं तर आधी पालघर गाठायचं, गाडी पकडायची, मधलं उमरोळी ओलांडून बोईसरला उतरायचं, आणि तिथून पुन्हा रिक्षा. तीन वाहनं जायला, तीन यायला. डहाणूपर्यंत लोकल एप्रिल २०१३ मध्ये आली खरी, पण विरारच्या पुढे गाड्या मोजक्याच. एक चुकली की पुढचं सगळंच चुकतं, आणि घरी पोरं वाट बघत असतात.

तरीही आधी एक स्पष्ट सांगते. कंपनीची बस तुमच्या नाक्यावरून जात असेल, किंवा लोकलची वेळ ड्यूटीशी जुळत असेल, तर गाडी घेऊ नका. रेल्वेच्या पासशी कुठलीच गाडी खर्चात बरोबरी करू शकत नाही. पाच लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता महिन्याला साधारण १०,४०० रुपये बसतो. त्यावर इंधन, विमा, सर्व्हिसिंग, टायर. पगार वीस-बावीस हजार असेल तर तुम्ही गाडीसाठीच नोकरी करताय असं होईल. गाडी घ्यायची ती वेळ वाचत असेल, वरची जागा मिळत असेल, पाळी संपल्यावर अंधारात स्टेशनबाहेर ताटकळणं टळत असेल तर. हा हिशेब ज्याचा त्याने करायचा. शेजारणीने घेतली, हे त्यात कुठेच बसत नाही!

आता 'किती देते'कडे वळू. जाहिरातीत लिटरला २५-२६ किलोमीटरचा आकडा असतो. हा आकडा खोटा नसतो, पण आपल्या रस्त्यावरचाही नसतो. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे, तिथे किंवा तिच्यासारख्या प्रयोगशाळेत गाडी रोलरवर उभी करतात. चाकं जागच्या जागी फिरतात. ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचं. सगळा खेळ वीस मिनिटांच्या आतबाहेरचा. एसी बंद, खड्डे नाहीत, चढ नाही, पुढे कंटेनर नाही. गंमत म्हणजे या चाचणीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरंही एमआयडीसी अशीच होतात! आपल्या एमआयडीसीच्या रस्त्यावर, टँकरच्या मागे, दुसऱ्या गिअरमध्ये, एसी लावून चालवलं की तोच आकडा १७-१८ वर येतो. तेव्हा त्या आकड्याचा उपयोग एवढाच की दोन गाड्यांची आपसात तुलना करता येते. बजेट मात्र त्याच्या सत्तर टक्क्यांवर करावं.

शिवाय आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे मायलेज थोडं उतरतंच. जुनी गाडी घेणार असाल तर ती या पेट्रोलसाठी बनलेली आहे का, हे गाडीच्या माहितीपुस्तकात बघा. साधारण एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्या हिशेबाने बनलेल्या आहेत.

चला, वही-पेन घ्या. शिरगाव ते एमआयडीसी जाऊन-येऊन ५० किलोमीटर धरू. महिन्याचे कामाचे दिवस २५, म्हणजे १,२५० किलोमीटर. हिशेबापुरतं पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि सीएनजी ८५ रुपये किलो धरू. तुम्ही आपल्या पंपावरचा आजचा भाव घाला. छोटी पेट्रोल गाडी खऱ्या रस्त्यावर १८ देते म्हटलं तर किलोमीटरला ५ रुपये ८३ पैसे पडतात, महिन्याला सुमारे ७,३०० रुपये. तीच गाडी सीएनजीची असेल आणि किलोला २५ किलोमीटर देत असेल, तर किलोमीटरला ३ रुपये ४० पैसे, महिन्याला ४,२५०. वाचले तीन हजार. सीएनजी मॉडेलला साधारण ९० हजार जास्त मोजावे लागले तर ते अडीच वर्षांत वसूल होतात. त्यानंतरची सगळी बचत आपली.

पण हाच हिशेब रोज वीस किलोमीटर जाणाऱ्या बाईसाठी करून बघा, म्हणजे शिरगावातून कोळगावच्या कार्यालयात जाणारीसाठी. महिन्याला ५०० किलोमीटर, बचत बाराशे रुपये. नव्वद हजार वसूल व्हायला सहा वर्षांच्या वर लागतात! तिने सीएनजीच्या रांगेत का उभं राहायचं? तिने साधी पेट्रोल गाडी घ्यावी आणि उरलेल्या पैशात गिअर न बदलावा लागणारी घ्यावी. एकाच गावातल्या दोघींना दोन वेगवेगळ्या गाड्या योग्य ठरतात त्या अशा. म्हणून 'माझ्या नणंदेची फार चांगली देते' या शिफारशीला फारसा अर्थ नाही. नणंद किती किलोमीटर जाते ते आधी विचारा.

सीएनजीचे दोन-तीन मुद्दे शोरूमवाले आपण होऊन सांगत नाहीत. साठ लिटरच्या टाकीत गॅस मावतो आठ-नऊ किलो, म्हणजे आपल्या हिशेबाने दर चौथ्या दिवशी पंप गाठायचा. पंप वाटेवर आहे का आणि संध्याकाळी तिथे रांग किती असते, हे गाडी बुक करायच्या आधी स्वतः जाऊन बघा. रोज अर्धा तास वाचवायला गाडी घ्यायची आणि तो अर्धा तास पंपावर घालवायचा, याला काय म्हणायचं? दुसरं, टाकी डिकी खाऊन टाकते. टाटाने २०२३ मध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या खाली बसवून डिकी मोकळी ठेवायची युक्ती काढली, पुढे इतरांनीही तो मार्ग धरला. बाजाराच्या पिशव्या, मुलाची सायकल, गौरी-गणपतीचं सामान नेणाऱ्या घराला हा फरक कळतो. तिसरं, टाकीची दर तीन वर्षांनी दाबाची चाचणी करून घ्यावी लागते. ती चुकवू नका, टाकीत दोनशे पट दाबाने गॅस भरलेला असतो. आणि बाहेरून किट बसवणार असाल तर अधिकृत ठिकाणीच बसवा आणि आरसी बुकावर नोंद करून घ्या. नाहीतर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते.

डिझेलचं काय, असं विचारणारे अजून भेटतात. इंडिका आणि स्विफ्टच्या जमान्यात ते उत्तर बरोबर होतं. तेव्हा डिझेलचा भाव सरकार धरून ठेवत होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये तो बाजारावर सोडला आणि फरक आटला. एप्रिल २०२० ला प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बंदच केल्या. छोट्या गाड्यांपुरता तो विषय संपला.

विजेच्या गाडीचा मात्र विचार कराच. रोजचं अंतर ठरलेलं आहे, गाडी रात्री आपल्याच अंगणात उभी राहते, मग विजेच्या गाडीला याहून सोयीचं काय हवं? छोट्या विजेच्या गाड्या खऱ्या रस्त्यावर एका चार्जमध्ये दीडशेच्या पुढे जातात, आपल्याला लागतात पन्नास. दिवसाला सात युनिट धरली तर महिन्याला १७५. बारा रुपये दर पडला तर २,१०० रुपये, सतरा पडला तर तीन हजाराच्या जवळ. दोन दर सांगायचं कारण, घरातल्या मीटरवर युनिट वाढली की आपण वरच्या टप्प्यात जातो आणि फ्रिज-पंख्याचं बिलही महागात पडतं. महावितरणकडे गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी दरश्रेणी आहे, तिची चौकशी आधीच करा. घराचं अर्थिंग नीट आहे का तेही इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या, आपल्याकडच्या जुन्या घरांत ते बहुधा नसतंच! गाडीची किंमत अजून जास्त आहे आणि किनाऱ्यावर पावसात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. घरात दुसरी गाडी किंवा निदान स्कूटर असेल तर ही जोखीम पेलता येते. एकच वाहन असेल तर माझं मत अजून सीएनजीच्या बाजूने पडतं.

इथवरचं गणित अहोंनाही येतं. पण पुढचं तुम्हालाच जमेल, कारण ते तुमच्या अंगाचं आहे.

शोरूममध्ये जाल तेव्हा रोज कामावर जे घालून जाता तेच घालून जा. साडी असेल तर साडी, चप्पलही तीच. ड्रायव्हरच्या सीटवर बसा. क्लच पूर्ण तळापर्यंत दाबा. दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे आणि पाठ सीटला टेकलेली राहिली पाहिजे. क्लचसाठी पुढे सरकावं लागत असेल तर सीट पुढे घ्या. मग बघा, छाती आणि स्टिअरिंग यांच्यात वीतभर तरी अंतर उरतं का? साधारण २५ सेंटिमीटर हवं, कारण एअरबॅग उघडते ती प्रचंड जोराने. बुटक्या बाईला इथेच अडचण येते: पाय पुरवायला पुढे सरकलं की छाती स्टिअरिंगला भिडते. यावर उपाय म्हणजे सीट वर-खाली करायची सोय आणि स्टिअरिंग वर-खाली होण्याची सोय. कंपन्या सीटची सोय बरेचदा वरच्या, महागड्या मॉडेललाच देतात. पण अलॉय व्हील आणि मोठा टच स्क्रीन नाही घेतला तरी चालेल, ही सोय सोडू नका. उशी ठेवून चालवणं हा उपाय नाही. ब्रेक जोरात मारला की उशी सरकते.

वॅगन-आरसारख्या उंच गाड्या आपल्याकडे १९९९ पासून का टिकून आहेत, त्याचं एक कारण हेच. त्यात वाकून शिरावं लागत नाही, खुर्चीवर बसल्यासारखं बसता येतं, आणि बॉनेटचं टोक दिसतं. गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंनाही चढता-उतरता येतं. दिसायला ती डबा आहे, असं तरुण मंडळी म्हणतात. म्हणू देत. डब्याला आपण कधी नावं ठेवली?

मग गिअर. पालघर-बोईसर रस्त्यावर एखादा अवजड ट्रेलर पुढे आला की पंधरा मिनिटांत क्लच किती वेळा दाबता ते एकदा मोजा. डावा गुडघा आणि कंबर यांना तो हिशेब रात्री कळतो. आता छोट्या गाड्यांत एएमटी मिळते. गिअरबॉक्स साधाच असतो, पण क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्र करतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओत ती पहिल्यांदा आली आणि 'ऑटोमॅटिक म्हणजे श्रीमंतांची, तेल पिणारी' ही समजूत मोडली. मायलेज जवळपास तेवढंच राहतं. गिअर बदलताना गाडी जरा मान डोलावते, त्याची सवय होते. काही जण म्हणतील, 'खरं ड्रायव्हिंग म्हणजे गिअरचं.' त्यांना आठवडाभर पाट्यावर चटणी वाटायला सांगा, मिक्सर कशाला हवा? सीएनजी आणि एएमटी एकत्र हवं असेल तर टाटाने ते फेब्रुवारी २०२४ मध्ये टियागोत दिलं. त्याआधी या दोन्हींतून एकच निवडावं लागे.

टेस्ट ड्राइव्ह म्हणजे शोरूमला एक चक्कर नव्हे. दहा-पंधरा किलोमीटर मागून घ्या. खड्ड्यांचा रस्ता, एक चढ, थोडी गर्दी, आणि शेवटी रिव्हर्स घेऊन दोन गाड्यांच्या मध्ये लावणं. एसी पूर्ण चालू ठेवा. सेल्समन शेजारी बसून स्टिरिओची तारीफ करायला लागला की हसून म्हणा, 'भाऊ, जरा गप्प बसा, इंजिन ऐकू द्या.' शक्य असेल तर संध्याकाळी अंधार पडल्यावरही चालवा, हेडलाइट कसा पडतो ते कळतं. आपल्या घरी येण्याची वेळ तीच तर असते.

सुरक्षिततेचं बोलायलाच हवं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सीटबेल्ट लावलेल्या स्त्री चालकाला, तशाच अपघातात सापडलेल्या सीटबेल्ट लावलेल्या पुरुष चालकापेक्षा गंभीर इजा होण्याची शक्यता ४७ टक्के जास्त आढळली. बायका वाईट चालवतात म्हणून नव्हे. सीट, पट्टा, डोक्यामागचा आधार हे सगळं अनेक वर्षं पुरुषाच्या मापाच्या पुतळ्यावर तपासलं गेलं म्हणून, असं त्यावर जाणकार म्हणतात. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही टक्कर चाचणी सुरू झाली आहे. मोठ्यांसाठी किती तारे आणि मुलांसाठी किती, हे त्यात वेगवेगळं दिलेलं असतं. दोन्ही विचारा. ज्या गाडीची चाचणीच झालेली नाही, तिच्याबद्दल 'मजबूत आहे हो मॅडम' एवढ्या शब्दावर विसंबू नका. पट्टा खांद्यावरून गेला पाहिजे, गळ्यावरून नाही. खांद्याजवळचा हुक वर-खाली होतो का बघा. दिवस गेलेले असतील तर खालचा पट्टा पोटाच्या खालून, मांड्यांच्या सांध्यावरून घ्यायचा. आणि हौसेने रेक्झिनचे जाड सीट कव्हर शिवून घेण्याआधी विचारा, सीटच्या कडेला एअरबॅग आहे का? असेल तर साधं कव्हर तिची वाट अडवतं.

आता आपल्या हवेचं. शिरगाव, केळवे, सातपाटी, माहीम, या पट्ट्यात खारा वारा. लोखंडाची खिडकी दोन वर्षांत कशी होते ते आपण बघतोच. गाडी वरून चकाचक पुसली तरी गंज खालून लागतो. घेतानाच खालच्या बाजूला गंजरोधक लेप मारून घ्या आणि महिन्यातून एकदा खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या. वाळूवर गाडी नेऊन फोटो काढायची फॅशन आहे, ती पाहुण्यांच्या गाडीने करावी! पावसाळ्यात काचा आतून धुरकटतात, तेव्हा कापडाने पुसत बसू नका, एसी लावून हवा समोरच्या काचेवर सोडा. आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवायची नाही. इंजिनात पाणी ओढलं जातं आणि आतले भाग वाकतात. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. आपल्याकडचा पाऊस बघता ती घ्यावी.

गाडी आल्यावर मायलेज स्वतः मोजा. टाकी भरा, मीटरचा आकडा लिहा, पुढच्या वेळी पुन्हा भरा, गेलेले किलोमीटर भागिले लिटर. तीन-चार वेळा मोजलं की खरा आकडा कळतो. दर पंधरा दिवसांनी टायरची हवा, वेग साठ-सत्तरच्या दरम्यान, आणि पुढच्या गाडीपासून अंतर राखून उगाच ब्रेक न मारणं, एवढ्याने महिन्याला चारशे-पाचशे रुपये सहज वाचतात. त्याच बाजूच्या दोन मैत्रिणी बरोबर येत असतील तर इंधन वाटून घ्या. मात्र भाडं ठरवून प्रवासी बसवू नका, पांढऱ्या नंबरप्लेटवर ते चालत नाही.

आता जे सहसा कुणी बोलत नाही ते. गाडी कुणाच्या नावावर? हप्ता तुमच्या पगारातून, चालवणार तुम्ही, आणि आरसी बुकावर नाव अहोंचं. 'आपल्यात काय तुझं-माझं,' असं म्हणतात. प्रेमाने म्हणतात, तेही खरं. पण विम्याच्या कागदावर तुझं-माझं असतं. गाडीच्या विम्याबरोबर मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा आहे आणि २०१८ पासून त्याची रक्कम पंधरा लाख आहे. हे संरक्षण ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे आणि ज्याच्याकडे चालू लायसन्स आहे, त्यालाच मिळतं. गाडी नवऱ्याच्या नावावर असेल आणि रोज पन्नास किलोमीटर तुम्ही चालवत असाल, तर ते पंधरा लाख तुमच्यासाठी नाहीत. गाडी क्वचित चालवणाऱ्याला संरक्षण आणि रोज रस्त्यावर असणारीला नाही, असला हा व्यवहार!

म्हणून गाडी तुमच्या नावावर घ्या. पगाराच्या स्लिपा तुमच्या असतील तर कर्जही तुमच्या नावावर होतं, आणि काही बँका स्त्री कर्जदाराला व्याजात थोडी सवलतही देतात, विचारल्याशिवाय सांगत नाहीत इतकंच. घरात गाडी आधीच नवऱ्याच्या नावावर असेल तर निदान त्या पॉलिसीत तुमच्या नावाने अपघाताची वेगळी जोड घ्या, किंवा स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी काढा. तिचा हप्ता फार नसतो. लायसन्सची मुदत कधी संपते ते आज कपाटातून काढून बघा. आणि पॉलिसीचा कागद हातात आला की वारसाच्या रकान्यात कुणाचं नाव पडलंय तेही वाचा. एजंट घाईत तो रकाना कोरा ठेवतात.